पायाखालचे नाव

डॉली पार्टन हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानावर आले असेल. पण १९९२ साली आलेल्या ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टनने गायलेले ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, नाहीतर कुणाच्या मोबाइलवर, कुठे ना कुठे ऐकलेले असणारच. ते गाणे मुळात व्हिटनीचे नाही. ते लिहिले, त्याला चाल लावली आणि १९७४ साली प्रथम लोकांपुढे आणले ते टेनेसी राज्यातल्या डोंगरातून आलेल्या या डॉलीबाईने.

मी जन्मभर माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले, तरी मलाही हे निवृत्तीनंतर कळले. २०१८ साली लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. तिच्या मोटारीत ही गाणी लागायची. तिकडे याला ‘कंट्री म्युझिक’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर गावाकडचे गाणे. आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या गरीब शेतकऱ्यांची जुनी कथागीते आणि आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा बँजो नि त्यांचे सूर, या दोन्हींच्या मिसळणीतून ते उभे राहिले. विषय साधे असतात. शेत, रेल्वे, दारू, तुरुंग, आई, देव आणि दगा देणारा माणूस. शब्द इतके सोपे की आठवीच्या पोरांनाही अर्थ सांगावा लागू नये. मला आधी ते फार साखरेचे वाटले, खरे सांगते. मग लेकीने एक गाणे लावले आणि मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

त्या गाण्याकडे वळण्यापूर्वी बाईची थोडी माहिती द्यायला हवी. डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा. टेनेसीच्या सेव्हियर काउंटीत, स्मोकी पर्वताच्या पायथ्याशी, एका खोलीच्या लाकडी घरात. बारा भावंडांतली ती चौथी. वडील रॉबर्ट ली पार्टन आधी दुसऱ्याची शेती वाट्याने करत, पुढे स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू लावू लागले. तिच्या जन्माच्या वेळी आलेल्या डॉक्टरला द्यायला घरात पैसे नव्हते. म्हणून त्यांनी मक्याच्या पिठाचे एक पोते दिले. अमेरिकेतल्या लोकांना ही गोष्ट नवलाची वाटते. मला वाटली नाही. माझे अब्बा पिंजारी. थंडीच्या तोंडाला धनुकली खांद्यावर टाकून ते आसपासच्या खेड्यांतून फिरत. तातीची टणटण ऐकली की बाया जुन्या गाद्या-उशा अंगणात आणून टाकत, आणि संध्याकाळी मजुरी म्हणून कुणी पैसे देई, कुणी पायलीभर ज्वारी. अब्बा ती ज्वारी त्याच खांद्यावरून आणत.

रॉबर्ट ली यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आईला येत होते. पाचेक वर्षांच्या डॉलीने मक्याच्या कणसाच्या बाहुलीवर एक गाणे रचले, ते आईने कागदावर उतरवून ठेवले. आठव्या वर्षी मामाने गिटार दिली. १९५९ साली, तेरा वर्षांची असताना, ती नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मानाच्या मंचावर गायली. कंट्री गायकांची ती पंढरीच. १९६४ साली शाळेची शेवटची परीक्षा पास झाली आणि दुसऱ्याच दिवशी बस पकडून नॅशव्हिलला गेली. घराण्यात शाळा पूर्ण करणारी ती पहिली. मीही आमच्या घराण्यातली पहिली मॅट्रिक, पण मी बसने गेले ती सांगलीपर्यंत.

तर ते गाणे. त्याचे नाव ‘कोट ऑफ मेनी कलर्स’. १९६९ साली पोर्टर वॅगनर या बड्या गायकाबरोबर दौऱ्यावर असताना बसमध्ये तिला ते सुचले. जवळ कोरा कागद नव्हता, म्हणून पोर्टरच्या सुटाच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर तिने ते लिहिले. १९७१ साली ते प्रसिद्ध झाले. गोष्ट तिच्या लहानपणीची आहे. घरात मुलीला कोट नाही. आई कुणीतरी दिलेल्या चिंध्यांच्या पेटीतून रंगीबेरंगी तुकडे काढते आणि शिवता शिवता तिला बायबलमधली जोसेफच्या कोटाची गोष्ट सांगते. मुलगी ऐटीत शाळेत जाते. तिथे सगळी पोरे तिला हसतात. तिला कळत नाही, यात हसण्यासारखे काय आहे.

जोसेफ म्हणजे आपले हजरत युसूफ. बायबलात बापाने लाडक्या लेकाला सुंदर अंगरखा दिला आणि त्यावरून भाऊ जळाले, अशी कथा आहे. सूरह युसूफमध्ये तो रंगीत कोट नाही, पण युसूफचा कुडता मात्र तीन वेळा येतो. एकदा खोटे रक्त लावून भाऊ तो बापाकडे आणतात. एकदा तो मागून फाटलेला असतो आणि युसूफच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरतो. शेवटी तोच कुडता रडून रडून आंधळ्या झालेल्या याकूबच्या चेहऱ्यावर टाकतात आणि बापाला दिसू लागते. टेनेसीच्या डोंगरातली एक ख्रिस्ती आई चिंध्या जोडताना हीच गोष्ट लेकीला सांगत होती, हे मला गाडीत बसल्या बसल्या उमगले आणि डोळे भरून आले.

कारण आमची अम्मी हेच करायची. टेलरच्या दुकानातले कातरण पोत्याने आणायची आणि दुपारभर वाकळा शिवायची. शर्टाच्या कॉलरचे तुकडे, परकराचे काठ, एखादी मखमल. धावदोऱ्याचे टाके इतके बारीक की उलटी बाजू कोणती हे सांगता येऊ नये. गाद्या मात्र अब्बा शिवत, आणि प्रत्येक गादीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक फुली घालत. ती त्यांची खूण. पाच वर्षांनी गादी पुन्हा पिंजायला आली, की ते आधी तो कोपरा चाचपून बघत. शाळेत माझ्या वेणीत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मुली ते उचलून एकमेकींना दाखवायच्या. गाण्यातल्या त्या पोरीला आपण श्रीमंत आहोत असे वाटत होते. मला तसे कधी वाटले नाही. मी वेणी झटकून वर्गात जायची.

आता थोडे कागदाविषयी. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे गाणे तिने पोर्टर वॅगनरसाठीच लिहिले होते. सात वर्षे त्याच्या कार्यक्रमात काम केल्यावर तिला स्वतंत्र व्हायचे होते, तो सोडायला तयार नव्हता. भांडून निघण्याऐवजी तिने गाणे लिहून त्याचा निरोप घेतला. ते गाणे कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मग एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचे होते. एल्व्हिस म्हणजे त्या देशातला केवढा मोठा गायक, हे सांगायला नको. डॉलीला आभाळ ठेंगणे झाले. पण एल्व्हिसच्या मॅनेजरने, कर्नल टॉम पार्करने, अट घातली: गाण्याच्या प्रकाशन हक्कांतला अर्धा हिस्सा आम्हाला लिहून द्यायचा. एल्व्हिस गाणे गायला घेताना बऱ्याचदा असेच होत असे आणि बाकीचे मुकाट्याने सह्या करत. डॉलीने नाही म्हटले. त्या रात्री ती खूप रडली, असे तिने स्वतः अनेकदा सांगितले आहे. तेव्हा ती तिशीच्या आतली होती. नॅशव्हिलला आल्यावर थोड्याच वर्षांत तिने मामाबरोबर स्वतःची प्रकाशन कंपनी काढलेली होती, गाणी त्या कंपनीच्या नावावर होती, आणि ती तशीच राहणार, एवढाच तिचा हिशेब. अठरा वर्षांनी व्हिटनीच्या आवाजात ते गाणे अमेरिकेत सलग चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. हक्काचे पैसे आले ते पुरते तिच्याकडेच.

निरक्षर बापाच्या या लेकीला सहीची एवढी जाण कुठून आली, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडे काय झाले ते सांगते. कापूस पिंजण्याचे यंत्र घेण्यासाठी अब्बांनी गावातल्या एका व्यापाऱ्याकडून पैसे उचलले. घराची पुढची खोली गहाण ठेवायची असे ठरले होते. कागद झाला, अब्बांनी निळ्या शाईत अंगठा उठवला. दोन वर्षांनी मी सातवीत असताना ट्रंकेतून तो कागद निघाला. अब्बा म्हणाले, ‘‘पढ के बता बेटी, क्या लिख्या है इसमें.’’ मी मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीला थांबले. गहाणखत म्हणून सांगितलेला तो कागद खरेदीखत होते. खोली केव्हाच विकली गेली होती आणि आम्ही तिच्यात राहत होतो. अब्बा काही बोलले नाहीत. अंगठा वर धरून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. पुढच्या हप्त्यात त्यांनी माझे नाव तालुक्याच्या हायस्कूलमध्ये घातले. मुलींना तेव्हा आमच्या मोहल्ल्यातून कुणी पाठवत नसे.

म्हणून मला डॉलीच्या रडण्यापेक्षा तिच्या नकाराचे मोल अधिक वाटते. चाहते रडण्याची गोष्ट अधिक सांगतात.

त्याच मुक्कामात लेक मला लॉस एंजलिसला हॉलिवूड बुलेव्हार या रस्त्यावर घेऊन गेली. तिथल्या फुटपाथवर कलावंतांच्या नावाच्या चांदण्या बसवल्या आहेत. १९६० साली हे काम सुरू झाले आणि मी गेले तेव्हा चांदण्यांची संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली होती. गडद रंगाची मोझेक फरशी, तिच्यात गुलाबी पंचकोनी चांदणी, पितळी अक्षरांत नाव आणि खाली एक छोटे गोल चिन्ह. सिनेमावाल्यांना कॅमेरा, गाण्यावाल्यांना तबकडी. नाव कुणीतरी सुचवावे लागते, समिती निवड करते, आणि चांदणी बसवण्याचा नि देखभालीचा खर्च सुचवणाऱ्याने भरायचा. २०२३ साली तो ७५ हजार डॉलरच्या घरात होता. डॉलीची चांदणी १९८४ सालची, ६७१२ क्रमांकाच्या इमारतीपुढे.

मला तिथे नीट चालताच येईना. आपल्या घरांत लहानपणापासून काय शिकवतात? छापील कागद जमिनीवर दिसला तर उचलून उंचावर ठेवायचा. पुस्तकाला पाय लागला तर ते कपाळाला लावायचे. आणि इथे माणसांची नावे जमिनीत जडवलेली, त्यांच्यावरून हजारो बूट चाललेले. कुठे च्युइंगम चिकटलेले, कुठे सांडलेले पेय, आणि मध्येच स्पायडरमॅनचा वेष घालून पैसे मागणारा माणूस. मी दोन चांदण्यांमधल्या रिकाम्या जागेतून पाय टाकत चालले, तेव्हा लेक हसली. म्हणाली, ‘‘अम्मी, यांना पायाखाली येण्यासाठीच एवढी धडपड करावी लागते.’’ तिचे चुकीचे नव्हते. ‘पायदळी’ हा शब्द आपण अपमानासाठी ठेवला आहे, तिकडे तोच मान आहे. तरीही माझे पाऊल पडले नाही.

एक माणूस मात्र आपल्यासारखाच अडला होता. डॉलीच्या चांदणीपासून चार पावलांवर, रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, डॉल्बी थिएटर आहे. तिथे मुहम्मद अली यांची चांदणी जमिनीवर नसून भिंतीवर आहे. २००२ साली ती बसवताना त्यांनी सांगितले, की माझे नाव पैगंबरांचे आहे, ते लोकांच्या पायांखाली येऊ देणार नाही. समितीने ऐकले. एवढ्या हजारो चांदण्यांत भिंतीवरची ती एकच. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि मनात आले, की अलींचे वडील पाट्या रंगवायचे. नाव कुठे आणि किती उंचीवर लिहायचे, हे त्या घरात पोटापाण्याचे काम होते.

डॉलीला असा प्रश्न पडला नसावा. तिचा स्वभावच वेगळा. उंच सोनेरी विग, लांब नखे, चमचमणारे तंग कपडे. आपल्या घरांत हे खपणार नाही, आणि मलाही त्याची सवय व्हायला वेळ लागला. लहानपणी गावातल्या ज्या नटव्या बाईला लोक नावे ठेवत, तीच तिला सगळ्यात सुंदर वाटायची; मोठेपणी आपण तिच्यासारखे दिसायचे ठरवले, असे ती सांगते. नावे ठेवणाऱ्यांना तिने आयुष्यभर तसेच ठेवू दिले. मान मिळत गेले तसे घेतले. १९९९ साली कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये, २०२२ साली रॉक अँड रोलच्या. पण २०२१ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाच्या आवारात तिचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तिनेच तो मागे घ्यायला लावला. सध्या मला उंचावर बसवण्याची ही वेळ नव्हे, अशा अर्थाचे तिचे म्हणणे होते.

एक पुतळा मात्र आधीच झालेला होता. १९८७ साली सेव्हियरव्हिलमध्ये, कोर्टाच्या हिरवळीवर. दगडावर बसलेली, गिटार घेतलेली, अनवाणी डॉली. ही बातमी तिने घरी सांगितली तेव्हा वडील म्हणाले, तुझ्या चाहत्यांना तू कुणीही वाटत असशील, कबुतरांना मात्र तो आणखी एक संडासच. वडील तोंडावर असेच बोलायचे. नंतर तिला दुसरीच गोष्ट कळली. वडील आपल्या छोट्या ट्रकमध्ये साबणाच्या पाण्याचे भांडे आणि कुंचा टाकत, रात्री अंधार पडल्यावर कोर्टापुढे जात आणि लेकीचा पुतळा घासून कबुतरांची घाण काढून येत. कुणाला सांगत नसत.

मला हॉलिवूडच्या चांदणीपेक्षा ही बादली मोठी वाटते. पुतळ्याच्या चौथऱ्यावर जी अक्षरे होती ती त्या बापाला वाचता येत नव्हती. चेहरा ओळखता येत होता, आणि पाणी कुठे ओतायचे ते कळत होते. आपल्याकडे म्हणतात, पोरीने बापाचे नाव काढले. ते नाव कुठल्या भिंतीवर किंवा फरशीवर आहे, याचा बापाला पत्ता असतोच असे नाही. आमच्या शाळेच्या गुणवत्ता फलकावर माझे नाव लागले तेव्हा अब्बा शिपायाला विचारून आले, की ते कुठे आहे. मग मोहल्ल्यात ज्याला त्याला सांगत, ‘‘ऊपर से चौथी लाइन.’’ पुढे फलक पुन्हा रंगवला, नावे दोन रकान्यांत गेली आणि माझे नाव सातव्या ओळीवर आले. मी ते त्यांना सांगितले नाही. शेवटपर्यंत ते चौथीच म्हणत राहिले.

वडिलांना वाचता येत नाही, ही गोष्ट डॉलीला बोचत होती. ते हुशार होते, हिशेबाला पक्के होते, पण शिकायचे वय गेले असे त्यांनी धरले होते, आणि त्याची त्यांना लाज वाटे. १९९५ साली तिने त्यांच्या मानाखातर एक योजना सुरू केली, फक्त आपल्या काउंटीपुरती. नाव ‘इमॅजिनेशन लायब्ररी’. जन्मल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत प्रत्येक मुलाला महिन्याला एक पुस्तक टपालाने घरी येणार, फुकट. घर गरिबाचे आहे की श्रीमंताचे, हे विचारायचे नाही. कामात तिने वडिलांनाही सोबत घेतले. पुढे ही योजना देशभर आणि कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडपर्यंत गेली. २०१८ साली दहा कोटीवे पुस्तक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देण्यात आले. आता तो आकडा वीस कोटींच्याही कितीतरी पुढे गेला आहे.

ज्या आईने तो कोट शिवला, तिने पुढे तसाच आणखी एक शिवून दिला. डॉलीच्या ‘डॉलीवूड’ या उद्यानातल्या संग्रहालयात तो ठेवला गेला, आणि ज्या पावतीवर गाणे लिहिले होते तीही. मी तिथे गेलेली नाही. मला त्यापेक्षा सेव्हियरव्हिलच्या कोर्टाची हिरवळ बघायची आहे.

रॉबर्ट ली पार्टन २००० साली वारले. तोवर पुस्तकांची योजना पाच वर्षांची झाली होती. गावातली मुले डॉलीला गायिका म्हणून ओळखतच नव्हती, ‘पुस्तकवाली बाई’ म्हणत. बापाला तिच्या सगळ्या प्रसिद्धीपेक्षा हे ऐकायला जास्त आवडायचे, असे ती सांगते. ती पुस्तके आजही दर महिन्याला जातात. पाकिटावर पत्ता घराचा असतो आणि नाव त्या मुलाचे. ते रांगत असले तरी.